ओल्या अंगावरचं ऊन

समुद्रकाठी अंघोळ करणाऱ्या माणसांचं चित्र समोर आलं की बघणारा दोन क्षणांत निकाल देऊन मोकळा होतो: प्रसन्न चित्र आहे. पिवळं ऊन, निळं पाणी, उघडी अंगं, मग आणखी काय असणार? ऊन जरा मावळतीकडे झुकलेलं असलं की ‘उदास’ हा शब्द तयार असतो, आणि आभाळ भरलेलं असलं की ‘गंभीर’. चित्रांवर लिहिणारेही पुष्कळदा एवढंच करतात. उजेडाचा रंग बघायचा आणि त्याला ठरून गेलेला भाव सांगायचा. ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. उजेड चित्रात खूप काही सांगतो. वेळ, दिशा, हवेतला दमटपणा, चित्रकार नेमका कुठे उभा होता, हे सगळं तो सांगतो. भाव मात्र तो एकट्याने सांगू शकत नाही. त्या उजेडात माणसाचं अंग काय करतं आहे, यावर भाव ठरतो. आणि ज्या चित्रांपुढे पाय अडतात त्यांत उजेड आणि अंग बहुतेक वेळा एकमेकांच्या विरोधात उभे असतात.

याचा सर्वांत उघड पुरावा स्पेनच्या होआकिन सोरोयाने दिला आहे. व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरचं ऊन रंगवणारा चित्रकार म्हणून तो जगभर ओळखला जातो. १८९९ मध्ये त्याने एक मोठा कॅनव्हास रंगवला, जवळजवळ तीन मीटर रुंद. स्पॅनिश नावाचा अर्थ ‘दुःखद वारसा’. समुद्रात अंघोळीला आलेली मुलं आहेत, नागडी, लहान, उन्हात उजळलेली. पण कुणाचे पाय वाळलेले, कुणी कुबड्यांवर, आणि मधोमध काळ्या झग्यातला एक साधू एका मुलाला सावरतो आहे. आईबापांच्या पापाची फळं लेकरं भोगतात, ही त्या काळातली क्रूर समजूत त्या नावात आहे. या चित्राला १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आता यातला उजेड वेगळा काढून बघा. सुखी मुलं रंगवताना सोरोया ज्या उन्हाचा आधार घेतो, तेच हे ऊन. त्याने ते मळवलं नाही, आभाळ काळवंडून टाकलं नाही, आपल्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून संध्याकाळ आणली नाही. ऊन पडायचं तसं पडलं आहे आणि त्या उन्हात वाळलेला पाय स्पष्ट दिसतो. आपल्याला जे टोचतं ते इथेच.

याच्या शेजारी सोरोयाचंच १९१० चं चित्र ठेवावं. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तीन मुलगे पाण्याच्या कडेला ओल्या वाळूवर पालथे पडले आहेत. हात तोच, उजेडाची जात तीच, अंगं तशीच उघडी. पण पहिल्या चित्रात घशात काहीतरी अडकतं आणि दुसऱ्यात आपले खांदे आपोआप सैल होतात. हा फरक कशाने पडला? मी बराच विचार करून या उत्तराशी आलो आहे की फरक वजनाचा आहे. पालथ्या पडलेल्या मुलांनी आपलं सगळं वजन वाळूला देऊन टाकलं आहे. कुबडीवरच्या मुलाचं वजन काखेत अडकलं आहे, ते जमिनीपर्यंत पोचतच नाही. पाण्याकाठच्या माणसांचं कोणतंही चित्र बघताना आधी हे शोधावं: देहाचा भार कुठे टेकला आहे? पाण्यावर, वाळूवर, दुसऱ्याच्या खांद्यावर, की कुठेच नाही? ते कळलं की मग उजेडाकडे वळावं. तो भार उजेडाने उघडा केला आहे की झाकला आहे, हा पुढचा प्रश्न.

उजेडाचं वाचनही आपण फार ढोबळ करतो. एक साधी भौगोलिक गोष्ट घ्या. व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे समुद्राकडे पाहत उभ्या राहिलेल्या चित्रकाराच्या पाठीमागे दुपारनंतर सूर्य असतो. त्यामुळे पाण्यातल्या माणसांची अंगं समोरून उजळतात आणि मागचा समुद्र गर्द दिसतो. आपल्या कोकणाचं तोंड पश्चिमेला. संध्याकाळी समुद्राकडे पाहिलं की ऊन थेट डोळ्यांत येतं. पाणी चकाकतं आणि माणसं काळ्या आकृत्या होतात, कारण अगदी कललेल्या नजरेने पाहिलं की पाणी स्वतःवर पडलेला बहुतेक प्रकाश परत पाठवतं. सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम दोन टक्के परत पाठवतं, म्हणूनच होडीतून खाली वाकल्यावर तळ दिसतो आणि दूरवर फक्त चकाकी. कोकणातल्या सूर्यास्ताच्या फोटोंना आणि कॅलेंडरांना आपण ‘हुरहूर लावणारे’ म्हणतो त्याचं कारण केशरी रंगात फारसं नाही. त्यांत माणसाचा चेहरा नाहीसा झालेला असतो. चेहरा नसलेल्या माणसात आपण आपलीच हुरहूर भरतो. तोच किनारा सकाळी बघा. महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला गावोगावचे देव समुद्रस्नानाला येतात, त्यांच्याबरोबर हजारो माणसं पाण्यात उतरतात. सकाळचं ऊन सह्याद्रीकडून, पाठीवर येतं. तेव्हा ओल्या पाठी, भिजलेली धोतरं, गुलाल, सगळं ठसठशीत दिसतं. म्हणजे कोकणातल्या सकाळच्या तीर्थस्नानाला व्हॅलेन्सियातल्या दुपारचा उजेड लाभतो. समुद्र वेगळा, धर्म वेगळा, भाव पूर्ण वेगळा, आणि उजेड एक.

आमच्या कोंढ्यासारख्या गावातून हे लिहिताना एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. पवनी तालुक्यात, धानाच्या बांध्यांमध्ये बसून समुद्राच्या उजेडाबद्दल बोलायचा अधिकार कुणी दिला? आक्षेप विचारात घ्यावा असा आहे, कारण भंडारा जिल्ह्यातलं कित्येक लेकरू समुद्र न बघताच मोठं होतं. पण तेच लेकरू एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राच्या कागदावर समुद्रकिनारा काढतं: नारळाचं वाकलेलं झाड, होडी, पाण्यात अर्धा बुडालेला लाल सूर्य. स्मरण कुणाचं? ते कॅलेंडरचं स्मरण आहे. आणि त्या कागदावर तो सूर्य बुडतो ते दुसऱ्या प्रदेशाच्या दिशेला. कोंढ्याहून सर्वांत जवळचा समुद्र अरबी समुद्र नाहीच. तो पूर्वेचा, बंगालचा उपसागर, सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या आसपास. आमची वैनगंगासुद्धा तिकडेच जाते. वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी पूर्वेच्या समुद्रात. त्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यातून वर येतो. आमच्या पोरांच्या चित्रातला मावळता समुद्र उसना आहे, आणि त्याच्याबरोबर ‘समुद्र म्हणजे हुरहूर’ हा भावही उसनाच आला आहे. कलेच्या शिक्षणातलं याहून मोठं नुकसान मला दिसत नाही. पोराला रंग देता येतो, पण स्वतःच्या डोळ्याने पाहिलेल्या पाण्यावर त्याचा विश्वास राहत नाही.

कारण पाणी तर त्याने भरपूर पाहिलेलं असतं. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेले तलाव, पुढे मालगुजारांच्या नावाने ओळखले गेलेले मामा तलाव, आणि शेताशेतांतल्या बोड्या. तलावाच्या पाळीवर उभं राहून अंघोळीला उतरलेली माणसं बघणाऱ्याला उजेडाबद्दल जे कळतं ते समुद्र बघणाऱ्याहून कमी नसतं, वेगळं असतं. तलावाचं पाणी थांबलेलं. त्यात पाळीवरची झाडं उलटी उतरतात आणि माणूस कमरेपासून खाली नाहीसा होतो, हिरवट तपकिरी पाण्याने अर्धा पुसल्यासारखा. समुद्रावर उजेड चारी बाजूंनी येतो: आभाळातून, वाळूवरून, फेसावरून. म्हणून तिथल्या सावल्या पातळ आणि निळसर. पाळीच्या झाडांखाली तोच उजेड तुकड्या-तुकड्यांनी येतो, सावली जाड आणि मातकट. ज्याने हा फरक एकदा नीट पाहिला तो सोरोयासमोर उभा राहिला तर त्याला लगेच कळेल की या सावल्यांत आभाळ मिसळलं आहे. समुद्र बघितलेला असणं ही अट नाही. पाण्यावर नजर ठरवून बघितलेलं असणं ही अट आहे.

पण तलाव म्हटला की आमच्याकडे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो युरोपातल्या समीक्षेत सहसा सापडणार नाही. पाण्यात उतरायला कुणाला मुभा होती? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी ओंजळीत पाणी घेतलं, तेव्हा ते सार्वजनिक तळं होतं आणि तरीही त्या ओंजळीसाठी त्यांना मार खावा लागला. हे ज्याला माहीत आहे तो सार्वजनिक पाण्यात निवांत डुंबणाऱ्या माणसांचं कोणतंही चित्र नुसतं उन्हाच्या अंगाने वाचूच शकत नाही. निवांतपणा हा प्रकाशाचा गुण नाही, तो कुणालातरी मिळालेला हक्क आहे. चित्रात तो कुणाला मिळाला आहे आणि कुणाला नाही, हे बघणं भाव वाचण्याचाच भाग आहे. त्याला चित्राबाहेरचं राजकारण म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही.

फ्रान्सच्या जॉर्ज सराचं ‘आन्येरचे स्नान करणारे’ हे १८८४ चं चित्र या अंगाने मला फार जवळचं वाटतं. आता ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, आणि काढणारा चोवीस वर्षांचा. पॅरिसच्या ‘सलों’ या अधिकृत प्रदर्शनाने ते नाकारलं. समुद्र नाही, सेन नदीचा काठ आहे, मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. काठावर पोरं आणि पुरुष, साध्या कामकरी माणसांसारखे, कपडे आणि बूट शेजारी ठेवलेले. उन्हाळ्याचं धुरकट, पांढुरकं ऊन सगळ्यांवर सारखं पसरलं आहे. बघणारा म्हणतो, शांत. पण कुणी कुणाकडे बघत नाही. बहुतेक सगळे एका अंगाने दिसतात, एकाच दिशेला तोंड करून. लाल टोपी घातलेला एक पोरगा पाण्यात उभा राहून तोंडाशी हात धरून कुणालातरी हाक मारतो आहे आणि काठावरचा एकही माणूस मान वळवत नाही. ती हाक मला चित्राचं केंद्र वाटते. कामातून मिळालेला एखादा मोकळा तास, आणि तो कुणासोबत घालवायचा हे त्यांना ठाऊक नाही. सराने अंगाच्या उजळ कडेला लागून पाणी किंचित गडद केलं आहे आणि सावलीतल्या कडेला लागून किंचित उजळ. त्यामुळे प्रत्येक देह आपापल्या कोशात वेगळा उठून दिसतो. म्हणजे इथे उजेडच माणसांना एकमेकांपासून तोडतो. रंगशास्त्राचा हा वापर निव्वळ हुशारी म्हणून वाखाणला जातो. माझ्या मते तो या चित्राचा भावच आहे.

आमची पवनी वैनगंगेच्या काठी आहे, घाट आणि देवळं यांच्यामुळे तिला विदर्भाची काशी म्हणतात. घाटावरच्या अंघोळीचं चित्र काढायचं तर सर्वांत आधी वेळेचा विचार करावा लागेल. कार्तिकस्नानाला बाया उजाडायच्या आत नदीवर येतात. यात पुण्य आहे, पण त्या वेळेत एक शहाणपणही आहे. अंधुक उजेडात लुगड्यासकट बुडी मारून, एकीने आडोसा धरून, दुसरीने बदलून होतं. ही वेळ उजेडाच्या अभावासाठी निवडलेली आहे. जो चित्रकार ही अंघोळ टळटळीत उन्हात काढतो त्याने त्या बायांचा आडोसा काढून घेतला. बंगालच्या हेमेन मजुमदारांनी ओल्या साडीतल्या स्त्रिया रंगवल्या आणि त्यांचं कसब नाकारता येणार नाही. भिजलेलं वस्त्र अंगाला कसं चिकटतं, त्यातून त्वचेचा रंग कसा वर येतो, हे फार थोड्यांना असं जमलं. पण त्या चित्रांतला उजेड कुठून येतो ते बघा. तो नेमका तिथेच पडतो जिथे बघणाऱ्याला बघायचं असतं. नदीच्या काठी असा सोयीचा उजेड नसतो. तो एका लपून बघणाऱ्याचा उजेड आहे आणि चित्रातली स्त्री कितीही लाजरी दाखवली तरी चित्राचा भाव लाजेचा राहत नाही. पुढे कॅलेंडरांनी ही चाल हजारो घरांत नेली.

इथे माझ्या म्हणण्याला एक अवघड उदाहरण आडवं येतं आणि ते आपल्याच मातीतलं आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची चित्रं आहेत. महाजनक हा राजपुत्र धन मिळवायला समुद्रावर निघतो, जहाज फुटतं, तो वाचतो, राजा होतो आणि शेवटी राज्य सोडून जातो. याच चित्रमालेत त्याला न्हाऊ घालण्याचा प्रसंग आहे, सेवक घड्यांनी पाणी ओतताहेत. वाकाटकांच्या काळातलं हे काम, म्हणजे विदर्भावर ज्यांची सत्ता होती त्यांच्या काळातलं. या अंघोळीत सूर्य नाही. जमिनीवर सावली पडत नाही. दिशाच नाही. नाक, ओठ, हनुवटी यांवर उजळ ठिपका ठेवून अंगाला गोलाई दिली आहे, जणू उजेड देहातूनच येतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात म्हटलं आहे की आचार्य रेषेची वाहवा करतात आणि जाणकार छायाप्रकाशाची. तिथे ज्या छायाप्रकाशाची वाहवा आहे तो हा आहे, गोलाईचा, उन्हाचा नव्हे. मग बाहेरचा उजेडच नसलेल्या चित्रात भाव कुठून आला? झुकलेल्या माना, अर्धमिटले डोळे, भोवतीच्या माणसांची दाटी आणि मध्ये एकटा बसलेला तो, यांतून. अजिंठा माझी बाजू बळकट करतो असं मला वाटतं. ऊन काढून घेतलं तरी भाव शिल्लक राहतो. अंग काढून घेतलं की राहत नाही.

  

अंग नसेल तर भाव नाही, हे वाक्य मी नुकतंच लिहिलं आणि लगेच वासुदेव गायतोंडे आठवले. १९२४ मध्ये आमच्या नागपुरात जन्मलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, मुंबईत समुद्रासमोरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. त्यांच्या पुढच्या कॅनव्हासवर माणूस नाही, किनारा नाही, फक्त पाण्याखालून वर येणारा वाटावा असा उजेड आहे. आणि त्यांच्यासमोर भाव जाणवत नाही असं कोण म्हणेल? मला याचं उत्तर असं दिसतं की तिथे चित्रात माणूस नसल्यामुळे बघणाऱ्याचं अंग चित्रात जातं. श्वास आपला मंदावतो, स्थिर आपण होतो. पण चित्रकाराने एकदा पाण्यात माणूस उभा केला की ती जागा त्याने भरली. त्यानंतर आपली शांतता किंवा हुरहूर त्याच्यावर लादायचा आपल्याला हक्क उरत नाही. रिकाम्या पाण्याच्या चित्राला आपला भाव देता येतो, भरलेल्या पाण्याच्या चित्रात त्या माणसाला विचारावं लागतं.

नावांपासूनही सावध राहावं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे. जलरंगातलं काम; हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीपुढे आडवा धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारी लाली. मॉडेल त्यांची मुलगी होती. कित्येक वर्षं लोक ते रविवर्म्याचं समजत आले. उजेड रंगवण्याचं इतकं अचूक काम मराठी चित्रकारांत क्वचितच झालं असेल. पण त्या उजेडाला ‘आशा’ म्हणायला आपल्याला नावाने शिकवलं. नाव झाका आणि तो तळवा बघा. वारा लागू नये म्हणून हात धरला आहे. तिच्या चेहऱ्यावर जपणूक आहे, थोडी धास्तीसुद्धा. सोरोयाच्या चित्राचं नावही झाकून बघावं. ‘वारसा’ हा शब्द गेला की त्या मुलांवरचा आईबापांच्या पापाचा आरोप गळून पडतो आणि पाण्याकडे निघालेली, पाण्याचा थंडावा हवा असलेली पोरं उरतात. तेव्हा ते चित्र दयेच्या पलीकडे जातं आणि मला तरी जास्त मोठं वाटतं.

कोंढ्याच्या एखाद्या पोराने अंघोळीचं चित्र काढायचं ठरवलं तर मी त्याला समुद्र काढू नको म्हणणार नाही. पण त्याआधी रोवणीच्या दिवसांतली बोडी काढ, असा आग्रह धरीन. आषाढात दुपार टळून गेलेली, दिवसभर वाकून परे लावणाऱ्या बाया पाण्याच्या कडेला उतरलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. हे चित्र कठीण आहे आणि कठीण कुठे आहे ते त्याला आधीच कळलेलं बरं. आभाळ गच्च असल्यामुळे सावली पडणार नाही, त्यामुळे सावलीने गोलाई दाखवायची सोय नाही. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं, मध्ये फक्त धानाच्या कोवळ्या हिरव्याची पट्टी. चकाकी ठेवायला जागा दोनच, भिजलेल्या चिखलावर आणि बायांच्या हातातल्या बांगड्यांवर. भाव पूर्णपणे कमरेतून काढावा लागेल, कारण दिवसभर वाकलेली कंबर सरळ होताना आधी हात गुडघ्यावर टेकतो आणि भार त्या हातावर येतो. त्यातली एखादी हसत असेल, तर तिला हसू द्यावं. राखाडी उजेड आहे म्हणून तिला दुःखी करू नये.